पोरीच्या अंगात इन्सुलिन भरपूर

माझ्या मानेला हात लावणारा पहिला परका पुरुष म्हणजे आमचे डॉक्टर. तेही मी नोकरी मागायला गेले तेव्हा, भरल्या दवाखान्यात, बाकड्यांवर पेशंट खच्चून बसलेले असताना. गोंदियात लॅबचा कोर्स करून मी नुकतीच बाहेर पडले होते. सर्टिफिकेट पुढं केलं तर त्यांनी ते उघडून पाहिलंही नाही. म्हणाले, "आईबापाले साखर आहे का?"

"आहे जी. दोघांनाही."

हा माणूस खुर्चीवरून उठला, टेबलावरच्या वाटीतल्या पाण्यात रुमाल बुडवला, पिळला आणि म्हणाला, "वेणी बाजूला कर."

मी हबकलेच. थोबाडीत द्यावी की पळून जावं, तेवढंच डोक्यात. पण बाकड्यावरची एक म्हातारी निवांतपणे म्हणाली, "कर वो बाई, ते साऱ्यायचंच पायतेत." मी वेणी बाजूला केली. त्यांनी ओल्या रुमालानं माझी मान भांडं घासल्यासारखी खसाखसा घासली, मग रुमाल उजेडात धरून पाहिला. पांढरा होता तो पांढराच राहिला होता.

"मळ नाही हा," ते म्हणाले. "उद्यापासून ये."

लहानपणापासून माझ्या मानेवर काळपट, जाडसर पट्टा होता. त्याच्यापायी मी आईचा किती मार खाल्ला, सांगता सोय नाही. आमच्या बोदलकशाला तलावावर आंघोळीला गेलं की आई मला पुढ्यात बसवून पाय घासायच्या वजरीनं मान घासायची, रक्त निघेपर्यंत. "पोरीची जात, आन् मानेवर एवढा मळ," असं सगळ्या बायांसमोर म्हणायची. आणि इथं एका अनोळखी माणसानं भर दवाखान्यात जाहीर करून टाकलं की तो मळ नाहीच. मी घरी जाऊन रडले. राग आला म्हणून रडले की सुटल्यासारखं वाटलं म्हणून, हे मला तेव्हाही कळलं नाही.

तर असे आमचे डॉक्टर. दोन हजार साल उलटून गेल्यानंतरच्या त्या दिवसांत गोंदियात साखरेचे डॉक्टर कमी नव्हते, पण साखर झालेल्या माणसात जराही रस नसलेला साखरेचा डॉक्टर हा एकच. पेशंट खुर्चीवर बसला की ते औषध लिहायला सुरुवात करायचे आणि लिहिता लिहिताच विचारायचे, "पोट्टे कुठं आहेत?" पोट्टे शाळेत आहेत म्हटलं की औषधाचा कागद अर्धवट सोडून पेन खाली. "घेऊन या, मग लिहितो."

एकदा राइस मिलवाले एक शेठ गाडीतून आले. दिसायला दणकट, बोलायला त्याहून. "डॉक्टर साब, शुगर मेरी है, मेरी देखिए. बच्चों को तो कुछ नहीं हुआ है."

"अभी कुछ नहीं हुआ है, इसीलिए लाइए," डॉक्टर म्हणाले. "आपका तो हो चुका."

शेठ लालबुंद होऊन निघून गेले. मला वाटलं, गेला हा पेशंट. पुढच्या आठवड्यात तेच शेठ आपली तिन्ही लेकरं रांगेत उभी करून बसले होते, आणि डॉक्टर एकेकाची कॉलर मागं ओढून पाहत होते. शेठजींची स्वतःची साखर त्या दिवशी कोणी पाहिलीच नाही.

रविवारी सकाळी ते दवाखान्यात नसायचेच. स्टेशनकडच्या एका सलूनमध्ये पेपर घेऊन बसायचे. मी कोणाला सांगितलं तर विश्वास बसत नाही, पण त्यांचं म्हणणं, लेकरांच्या माना डॉक्टरपेक्षा न्हाव्याला जास्त दिसतात, आणि ते खरंही होतं. न्हावी त्यांचा दोस्त. मशीन फिरवता फिरवता तो नुसता डोळ्यानं इशारा करायचा, की डॉक्टर पेपर खाली ठेवून त्या लेकराच्या बापाजवळ सरकायचे. "तुमच्या घरी साखर कोणाले आहे जी?" अर्धी कटिंग झालेली, गळ्याला कापड बांधलेली लेकरं तशीच रिक्षात घालून त्यांनी दवाखान्यात आणलेली मी पाहिली आहेत. आया भांडायला यायच्या. एका बाईनं चप्पल काढली होती. डॉक्टर तिला म्हणाले, "मारा, पण आधी लेकराच्या मानेवर वजरी घासणं बंद करा." मग हात पुढं करून तिच्याकडून कबूल करून घेतलं की घरची वजरी आणून द्यायची. अशा जमा केलेल्या वजऱ्यांनी त्यांच्या टेबलाचा खालचा खण भरला होता. पहिल्यांदा मी तो कापूस शोधायला उघडला तेव्हा मला वाटलं, हा माणूस काहीतरी करणी-बिरणी करतो.

लग्नात तर त्यांना नेणं म्हणजे संकटच. पंगतीत बसायचे ते मुद्दाम लेकरांच्या मागच्या रांगेत.

ते नेमकं काय शोधतात हे मला कितीतरी दिवस नीट कळत नव्हतं. आम्ही लॅबवाले, आम्हाला साखर मोजायची माहीत. लेकराची उपाशीपोटी साखर काढावी, नॉर्मल यावी, आई-बाप खूश व्हावेत, आणि डॉक्टरांनी मात्र तोंड वाकडं करावं. शेवटी एक दिवस मी विचारलं, "साखर नॉर्मल आहे, मग काऊन घाबरवून राहिले तुम्ही त्यांना?"

तर ते मलाच उलट विचारायला लागले. "तुमच्या शेताले तलावाचं पाणी येते ना? पाटात गाळ भरला, तरी धान हिरवंच दिसते. कसं?"

"तलावाचं दार जास्त उघडतात."

"झालं. शेतात पाणी बरोबर आहे म्हणजे साखर नॉर्मल. पण दार किती उघडलं, ते कोणी पाहिलं? ते दार म्हणजे इन्सुलिन. साखर झालेल्यायच्या लेकरांमध्ये पाट आधीच बुजायला लागते, म्हणजे अंग इन्सुलिनचं ऐकेनासं होते. शरीर बिचारं दुप्पट इन्सुलिन सोडते आणि साखर जागेवर ठेवते. वर्षानुवर्षं. मग एक दिवस तलाव आटते, आणि लोक म्हणतात अचानक साखर झाली."

माझ्या मानेवरचा पट्टा हा त्या जास्तीच्या इन्सुलिनचा होता, हे त्यांनी मला त्याच दिवशी सांगितलं, आणि वर असंही म्हणाले की चरबीसुद्धा मुकी नसते, तीही रक्तात आपले निरोप सोडत असते. चांगला निरोप देणारं एक हार्मोन अशा लेकरांमध्ये कमी असतं, पण ते मोजायची सोय नागपूरलाही नाही, म्हणून ते कितीतरी वेळ हळहळत होते. माझ्याबद्दल नाही, त्या तपासणीबद्दल. समोर बसलेली पोरगी पांढरीफटक पडली आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं.

मग माझं रक्त काढायचं ठरलं. दवाखान्यात रक्त काढणारी मीच, म्हणून माझं काढायला ते बसले. त्यांना शीर काही सापडेना. दोनदा चुकले, तिसऱ्यांदा मीच त्यांचा हात धरून सुई लावून दिली. बर्फाच्या थर्मासात नमुना घालून नागपूरच्या गाडीनं पाठवला. निकाल फोनवर आला, तो दिवस बाजाराचा. दवाखाना तुडुंब, आणि त्या गर्दीत माझे बाबूजी बसलेले. स्वतःच्या इंजेक्शनची बाटली न्यायला ते बोदलकशाहून आले होते. डॉक्टरांनी फोन ठेवला आणि लॅबच्या खिडकीकडं बघून, साऱ्या दवाखान्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "तुझी साखर नॉर्मल. इन्सुलिन भरपूर."

माझ्या हातातली टेस्टट्यूब खाली पडली. आणि बाबूजी उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद मी जन्मात विसरणार नाही.

त्यांचा हिशेब अगदी सरळ होता. बापाच्या अंगात इन्सुलिन कमी, म्हणून बाप रोज पोटाला सुई टोचतो. पोरीच्या अंगात भरपूर. म्हणजे पोरगी सुटली. ते तसेच बाहेर गेले आणि पेढे घेऊन आले. दवाखान्यातल्या समद्या साखरवाल्यांना त्यांनी पेढे वाटले आणि त्या लोकांनी ते खाल्लेही. "माह्या पोरीले देवानं भरपूर देल्लं बाप्पा," प्रत्येकाला सांगत होते. मी डॉक्टरांकडं पाहिलं, आता तरी हा माणूस तोंड उघडेल म्हणून. ते एका लेकराच्या मानेत डोकं घालून बसले होते.

घरी जाऊन मी समजावलं. पाट सांगितला, तलाव सांगितला. बाबूजी हसले. "तलावात पाणी जास्त हाय तं वाईट कसं वो? येडी हायस तू." आईला सांगितलं तर ती म्हणाली, गप्प बस, पाहुणे यायचेत.

पाहुणे कोहमाऱ्याचे. हायवेवर त्यांचा ढाबा, चांगला चालणारा. मुलगा ढाब्यावर बापासोबतच बसायचा. मला तो आवडला होता, सरळच सांगते. पहिल्या भेटीत त्यानं माझ्या लॅबबद्दल विचारलं, मान खाली घालून नाही, डोळ्यात बघून. असा मुलगा आमच्याकडं मिळायला नशीब लागतं. आणि बाबूजींनी बोलणीत काय सांगावं? शेती किती, भाऊ किती, हे सांगून झाल्यावर खाकरून म्हणाले, "आन् पोरीच्या अंगात इन्सुलिन भरपूर हाय जी. मोठ्या डॉक्टरनं नागपूरवरून तपासून आणलं."

धरणीनं पोटात घ्यावं असं मला झालं. पण मुलाचा बापही सुई टोचणारा. त्याचे डोळे चमकले. "बरं झालं," तो म्हणाला, "आमच्या घरी माह्यानंतर सुई नाई पायजे." त्या एका गोष्टीवर सोयरीक पक्की झाली. माझं शिक्षण, माझी नोकरी, माझा स्वभाव, कशाचंच कोणी नाव काढलं नाही.

साक्षगंधाला, म्हणजे आमच्याकडच्या साखरपुड्याला, बाबूजींनी डॉक्टरांना मानानं बोलावलं. माझी झोप उडाली. मी दवाखान्यात त्यांच्यासमोर हात जोडून उभी राहिले. "सर, त्या दिवशी तुम्ही एक शब्द बोलू नका. माझं लग्न मोडेल."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "नाही बोलणार."

"एकही शब्द नाही."

"नाही म्हटलं ना."

आणि तो माणूस खरंच एक शब्द बोलला नाही. मांडवात शिरल्यापासून कोणी "नमस्कार जी" म्हटलं तरी नुसता हात जोडायचा. कुंकू लागलं, साडी झाली, बुंदीची परात बाहेर आली, आणि मी मोकळा श्वास घेणार तेवढ्यात पाहिलं तर डॉक्टरांनी पाण्याच्या गडव्यात रुमाल बुडवलेला. ते नवरदेवाच्या मागं उभे राहिले आणि त्याची कॉलर मागं ओढून मान घासायला लागले. नवरदेव बिचारा बावचळून तसाच बसला. मग त्याच्या धाकट्या भावाची. मग चुलतभावाची. मग माझ्याजवळ आले, सगळ्यांसमोर माझा पदर सरकवला, मान घासली, आणि पांढराच राहिलेला रुमाल उंच धरून चारही बाजूंना दाखवला.

"हे काय चाललंय?" मुलाच्या बापानं विचारलं. डॉक्टर गप्प. "डॉक्टरसाहेब, काऊन घासून राहिले तुम्ही?" डॉक्टरांनी ओठ घट्ट मिटले आणि बोट माझ्याकडं केलं. वचन पाळत होते.

सगळे माझ्याकडं बघायला लागले. नवी साडी, कपाळभर कुंकू, आणि मला बोलावं लागलं. इन्सुलिन भरपूर असणं म्हणजे काय, ते मी सांगितलं. खोटं मला सांगता आलं नसतं, रोज लेकरांच्या आयांना तेच सांगत होते मी. आई-बापाला साखर असली की पोरांच्या अंगात ती यायच्या कितीतरी आधीपासून हे असं सुरू होतं, मलाही झालंय, एवढं बोलले आणि थांबले.

"मंग हे तुले कोनाकडून आलं?" बाबूजींनी विचारलं. त्यांच्या हातात बुंदीची परात होती.

"तुमच्याकडून बाबूजी. आन् आईकडून."

परात पडली नाही. त्यांनी ती नीट खाली ठेवली, आणि मग शेजारी मातीतच बसले. पेढे वाटणारा माझा बाप. मला त्या क्षणी डॉक्टरांचा जीव घ्यावासा वाटला.

मुलाची आई म्हणाली, "आजारी पोरगी गळ्यात मारून राहिले होते आमच्या." पाहुणे उठले. जेवलेही नाहीत. मुलगा बापाच्या मागं मागं चालत गेला. तो वळून बघेल म्हणून मी गाडी सुरू होईपर्यंत पाहत होते. तो वळला नाही. मांडवात जेवणारा माणूस एकच उरला, आमचे डॉक्टर. त्यांनी व्यवस्थित वरणभात खाल्ला, हात धुतला आणि शेवटी तोंड उघडलं. मला म्हणाले, "त्या पोराची मान तुझ्यापेक्षा काळी आहे."

मी त्यांच्याशी बोलणं सोडलं. नोकरी सोडली नाही, कारण मग बाबूजींच्या औषधांचा खर्च कोण करणार? पण लॅबच्या खिडकीतून नमुने सरकवायचे, तोंडातून हूं की चूं नाही. त्यांना ते जाणवलं असेल असं मला वाटत नाही. त्या दिवसांत ते दुपारी दवाखाना बंद करून कुठंतरी जायचे, आणि कुठं ते कंपाउंडरकडून कळलं तेव्हा मी कपाळावर हात मारला. हा माणूस बस पकडून कोहमाऱ्याला त्या ढाब्यावर जाऊन बसत होता. पहिल्या दिवशी त्यांना हाकललं. दुसऱ्या दिवशी मुलाच्या काकानं धक्के मारले, शर्ट फाटला. तिसऱ्या दिवशी ते पुन्हा गेले आणि खाटेवर बसून चहा मागवला. शेवटी कंटाळून म्हणा, घाबरून म्हणा, त्या मुलानं हात पुढं केला. या वेळी शीर पहिल्याच झटक्यात सापडली म्हणे.

नंतर एक दिवस डॉक्टर माझ्या लॅबमध्ये आले. स्वतः कधी येत नसत. चेहरा असा फुललेला, की मला वाटलं लॉटरी लागली.

"तुझ्यापेक्षा जास्त निघालं," ते म्हणाले. "खूप जास्त. त्याच्या बापाला मी सगळं समजावलं. बाहेर बसला आहे तो, पोराला घेऊन. माफी मागतो म्हणते. लग्न करून टाकू."

ते पुढं बोलतच होते. "तुला कळते का हे काय जमून आलं? दोघांनाही माहीत आहे असं जोडपं अख्ख्या जिल्ह्यात नाही. चालणं, खाणं, सगळं आत्तापासून. आणि तुमचे पोट्टे. चार आजे-आजींपैकी तिघं साखरेचे, विचार कर. पाळण्यापासून पाहता येईल मला."

म्हणजे माझं लग्न मोडलं, माझा बाप मातीत बसला, आणि या माणसाच्या डोक्यात माझी अजून न जन्मलेली लेकरं रांगेत उभी होती. मला हसू आलं नाही, रडूही आलं नाही.

"मला नाही करायचं," मी म्हटलं.

इतक्या वर्षांत त्यांना चकित झालेलं मी पहिल्यांदा पाहिलं. चष्मा काढला, पुन्हा घातला. "काऊन? आता अडचण कोणती?"

"सर, त्यांनी इन्सुलिन भरपूर म्हणून मला पसंत केलं. इन्सुलिन भरपूर म्हणून सोडून गेले. आता त्यांच्या पोराचं त्याहून भरपूर निघालं म्हणून परत आले. बाबूजींनी तेच सांगून मला खपवलं. तुम्ही नोकरी दिली ती मान पाहून दिली. या सगळ्यात मला कोणी पाहिलंच नाही. त्या मुलानंही नाही. मला वाटलं होतं त्यानं पाहिलं, पण नाही."

आता ते पाट आणि तलाव काढतील म्हणून मी वाट पाहिली. बाहेर मुलाच्या बापाचा खोकला ऐकू येत होता. डॉक्टरांनी लॅबमधलं स्टूल ओढलं आणि बसले. माझ्यासमोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतके जवळ. माझ्या मानेकडं नाही, तोंडाकडं बघत होते.

"मग तुला काय पाहिजे?" त्यांनी विचारलं.

बाबूजींनी हे विचारलं नव्हतं. आईनंही नाही, पाहुण्यांनीही नाही. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि मला काहीच सांगता येईना. पाहिजे काय, याचा विचार मी कधी केलाच नव्हता. मी रडायला लागले. डॉक्टर उठून बाहेर गेले, पाहुण्यांना म्हणाले, "तुम्ही जा जी, ती विचार करून राहिली," आणि परत येऊन त्याच स्टुलावर बसले. बाकड्यांवर पेशंट लेकरांना घेऊन खोळंबले होते. त्यांनी एकालाही आत बोलावलं नाही.